पाण्याचा पैसा : हक्काचा की मेहेरबानीचा?

(पारनेर तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव रुक्ष आहे. माती, पाणी आणि वनस्पती यांच्या संवर्धनासाठी राज्य सरकार पैसा कोठून आणते आणि तो कसा खर्च करते, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे. बंधारा कोठे बांधावा, चर किती खोल खणावा, झाडे कोणती लावावीत, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्या बंधाऱ्याचा पैसा कोणाच्या खिशातून आला आणि पुढल्या वर्षीही तो येईल याची हमी कोणी दिली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. माझे म्हणणे असे आहे की, पैसा ज्या वाटेने येतो ती वाटच त्या कामावर कोणाचा हक्क चालणार हे ठरवीत असते. म्हणून हा विषय केवळ हिशेबनिसांवर सोपवून चालणार नाही.

हे समजून घेण्यासाठी आपल्याला आपला जिल्हा ओलांडण्याची गरज नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्हा दोन भागांत विभागलेला आहे. उत्तरेत प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांचे कालवे आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण दक्षिणेत पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत येथे पाऊस तुटपुंजा आणि जमीन उथळ. पाथर्डीचे कुटुंब दिवाळी आटोपली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघते, मुलांची शाळा सुटते. एकाच जिल्ह्यात एकाच्या शेतात सरकारी पैशाने आणलेले पाणी आणि त्याच पाण्यावरचा ऊस तोडायला दुसऱ्याच्या गावातून आलेली माणसे, असा हा व्यवहार आहे.

कालव्याचे पाणी सर्व करदात्यांच्या पैशातून आणि सरकारने काढलेल्या कर्जातून येते. त्याचा लाभ ज्याची जमीन कालव्याखाली आहे त्याला मिळतो आणि उसाला दिलेल्या पाण्याची पट्टी त्या पाण्याच्या खऱ्या खर्चाच्या जवळपासही नसते. शिवाय मोठ्या कामांचा पैसा तुकड्यातुकड्यांनी मिळतो. निळवंडे धरणाची कल्पना प्रथम १९७० साली मांडली गेली. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. मधल्या ५३ वर्षांत खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपयांपर्यंत गेला. १८२ गावांनी दोन पिढ्या वाट पाहिली. दरसालच्या अंदाजपत्रकात ज्याचा आवाज मोठा त्याची तरतूद मोठी, हा नियम असला म्हणजे असेच घडते.

याच महाराष्ट्राने एकदा वेगळी वाट शोधून काढली होती. ती आपल्या चळवळीच्या स्मरणातून पुसट होऊ लागली आहे, म्हणून तिचा थोडा तपशील सांगतो. विधान परिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे एक प्रयोग केला. काम मागेल त्याला काम द्यावयाचे आणि ते काम जमीन व पाणी सुधारणारे असावे, ही त्यामागची कल्पना. १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयीच्या आपल्या ग्रंथात सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्याचा आग्रह धरला. मग १९७२–७३ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसे खपत होती. खडी फोडणाऱ्या त्या बायाबापड्यांनी आणि त्यांच्या मोर्चांनी सरकारला एक गोष्ट शिकविली : दुष्काळात काम मिळणे ही दया असू शकत नाही.

यानंतर जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक पाहावे असे आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर कर बसला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर आणि जमीन महसूल यांवर अधिभार आले, बागायती जमिनीवरही विशेष आकारणी झाली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्याने रोजगार हमी निधी स्थापन केला. या करांचे उत्पन्न त्यात जमा व्हावयाचे आणि तेवढ्याच रकमेची भर सरकारने घालावयाची, अशी व्यवस्था ठरली. व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईसारख्या शहरांतून येत असे आणि तो नालाबांध, पाझर तलाव, समतल चर, वनीकरण यांवर खेड्यांत खर्च होई. शहराने खेड्याला दिलेली ही मदत नव्हती. ज्या खेड्यातून शहराला धान्य, दूध, भाजी आणि स्वस्त मजूर मिळतो, त्या खेड्याची माती टिकविण्याचा खर्च शहराने उचलावा, हा न्याय होता.

सार्वजनिक वित्ताच्या पाठ्यपुस्तकांत एक आक्षेप शिकविला जातो, मीही तो वर्षानुवर्षे शिकविला : एखादा कर एकाच कामासाठी राखून ठेवू नये, सगळा महसूल एका कोशात जमा व्हावा आणि विधिमंडळाने गरजेनुसार त्याचे वाटप करावे. तत्त्व म्हणून यात चूक नाही. पण हे तत्त्व सर्वांचा आवाज विधिमंडळात सारख्याच जोराने पोहोचतो असे गृहीत धरते. कारखान्याच्या संचालकाचा आवाज तेथे पोहोचतो, पाथर्डीच्या भूमिहीन बाईचा पोहोचत नाही. माती तर बोलतच नाही. ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठी पैसा कायद्याने बांधून ठेवावा लागतो.

या योजनेतील दोषही आपण झाकू नयेत. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन्महिने थकली, कित्येक ठिकाणी कामाच्या नावाखाली रस्तेच झाले. सर्वांत मोठा दोष मालकीचा होता. पाझर तलाव मजुरांनी खणला, पाणी मात्र त्याखालच्या विहीरमालकाच्या विहिरीत उतरले. मजुराच्या पदरी मजुरी पडली, मत्ता दुसऱ्याची वाढली. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून याचे उत्तर दिले होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर या हिशेबाने द्यावयाचे, भूमिहीनाचाही त्यावर हक्क मानावयाचा, आणि ऊस लावावयाचा नाही. सरकारने हे तत्त्व आपल्या निधीच्या अटींत कधी घातले नाही.

आपल्या जिल्ह्याने मात्र पैसा आणि नियम एकत्र आले तर काय होते ते दाखविले. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे झाली. १९९२ साली राज्याने आदर्श गाव योजना आणली. हिवरे बाजारमध्ये १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली याच सरकारी योजनांचा आणि रोजगार हमीचा पैसा वापरला गेला. पैसा इतर गावांना मिळाला तसाच होता. फरक होता तो गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांचा : चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरवेलला मनाई, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविणे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत जर्मन मदतीतून असेच काम उभे राहिले. या गावांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण शेकडो गावांच्या जिल्ह्यात चार गावे आदर्श व्हावीत आणि बाकीच्यांनी त्यांची सहल काढून परत यावे, हे धोरण होऊ शकत नाही. थोर पुरुषाची वाट पाहणे किंवा परदेशी देणगीची वाट पाहणे म्हणजे हक्क सोडून देणे होय.

यापुढच्या काळात राज्याने आपली वाट बदलली. २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. त्याचे स्वागतच करावयास हवे होते. त्यात १०० दिवसांपर्यंतच्या अकुशल कामाची सगळी मजुरी केंद्र देऊ लागले आणि राज्याचा भार हलका झाला. राज्याच्या निधीत तर त्याआधीही अनेक वर्षे वसुलीपेक्षा खर्च कमी राहून शिल्लक कागदावर वाढत गेली होती. काम मागणारी माणसे असताना त्यांच्यासाठी गोळा केलेला पैसा शिल्लक पडतो, याचा अर्थ गरज संपली असा होत नाही. काम मागणाऱ्याला परत पाठविले जाते, असा होतो.

मग २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आले. त्याला स्वतःचा असा बांधील निधी नव्हता. निरनिराळ्या खात्यांच्या योजना, जिल्हा नियोजनाचा पैसा, आमदार-खासदारांचा निधी, कंपन्यांच्या देणग्या आणि लोकवर्गणी यांची मोट बांधण्यात आली. माणसांच्या हातातील कुदळीची जागा मोठ्या प्रमाणावर जेसीबी यंत्राने घेतली. २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे आला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलाची पातळी वाढविण्यात फारसे यश आले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकार बदलले तेव्हा अभियान थांबले, पुन्हा सरकार बदलले तेव्हा त्याचा दुसरा टप्पा जाहीर झाला. नाल्याला मात्र सरकार बदलल्याचे कळत नाही. तो गाळाने भरतच राहतो.

वनांचा पैसा आणखी विचित्र वाटेने येतो. धरण, खाण किंवा रस्ता यांसाठी वनजमीन दिली की भरपाईची रक्कम वसूल होते आणि २०१६ च्या कायद्याप्रमाणे तिचा ९० टक्के भाग राज्याच्या वनीकरण निधीत जातो. नुकसान करणाऱ्याने भरपाई दिलीच पाहिजे. पण ज्या निधीत जंगल तुटल्यावाचून पैसा येत नाही, त्या निधीवर जंगलाचे भवितव्य सोपविणे शहाणपणाचे नाही.

आज हा प्रश्न ऐरणीवर येण्याचे कारण असे. केंद्राच्या रोजगार हमीची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले आहेत आणि जलसुरक्षेच्या कामांना अग्रस्थान दिले आहे. पण महाराष्ट्रासारख्या राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार आला आहे. केंद्र ठरवील त्या वार्षिक रकमेच्या वर खर्च झाला तर तो राज्याने सोसावयाचा आहे. कामाची मागणी वाढते ती दुष्काळात, आणि नेमक्या त्याच वर्षी राज्याची तिजोरीही कोरडी असते. तेव्हा राज्याकडे स्वतःचा, कायद्याने बांधलेला निधी नसेल तर हमी हा शब्द तेवढा उरेल.

व्यवसाय कर तर आजही वसूल होतो. त्याची आकारणी पाहा. दरमहा १०,००० रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुष कामगाराला महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये द्यावे लागतात. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे, ती योग्यच आहे. पण दरमहा ५ लाख रुपये घेणारा अधिकारीही वर्षाला २,५०० रुपयेच देतो. ११,००० रुपये मिळविणाऱ्याच्या उत्पन्नाचा सुमारे १.९ टक्के भाग या करात जातो, ५ लाखवाल्याचा ०.०४ टक्के. याचे मूळ राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात आहे. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २५० रुपयांवरून २,५०० रुपये केली. त्यानंतर किमती कितीतरी पटींनी वाढल्या, मर्यादा तेथेच आहे. वस्तू व सेवा करानंतर राज्यांच्या हाती स्वतःचे कर थोडेच उरले आहेत. त्यांतील हा एक आपण असा गोठवून ठेवला आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, व्यवसाय कराचे दरसालचे उत्पन्न आणि त्यातून माती-पाण्याच्या कामांवर झालेला खर्च यांचा स्वतंत्र हिशेब विधिमंडळापुढे आणि जिल्हावार लोकांपुढे मांडला जावा. दुसरी, घटनेतील मर्यादा वाढवावी आणि कर चढत्या दराने बसवावा, लहान पगारदाराचा भार कमी करून. तिसरी, प्रत्येक कामाच्या खर्चात देखभालीचा वाटा राखून तो ग्रामसभेच्या स्वाधीन करावा. चौथी, सार्वजनिक पैशाने अडविलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा कायद्याने मान्य करावा.

या मागण्या सभेत टाळ्या मिळविणाऱ्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांची सुरुवात उद्याच्या ग्रामसभेत होऊ शकते. कामाची मागणी लेखी नोंदवा आणि तिची पोच घ्या. गावातील बंधारा कोणत्या योजनेतून झाला, किती रुपयांत झाला आणि त्यातील गाळ शेवटचा कधी निघाला, हे विचारा. उत्तर लेखी मागा. पाच-पन्नास गावांची अशी उत्तरे एकत्र आली की तालुक्याचा ताळेबंद तयार होईल, आणि तो हाती असला म्हणजे आमदाराच्या दारात अर्ज घेऊन उभे राहण्याची वेळ आपल्यावर येणार नाही. हिशेब घेऊन उभे राहता येईल.