एका शरीरात दोन आजार



मी इतिहासाचा शिक्षक. रोगांविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, एकाच साथीत एक जातो, दुसरा वाचतो, असे का?" "नशीब," एवढे म्हणून मी फळ्याकडे वळलो. ते उत्तर मला मागाहून फार टोचले, म्हणून आजचा हा प्रपंच.

१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपण धड्यात एका ओळीत संपवतो. जूनमध्ये ती मुंबईत पोहोचली, सप्टेंबरात दुसरी लाट उसळली आणि हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे गेली. हे काम एकट्या इन्फ्लुएंझाचे नव्हते. विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर उखडावे आणि मागून न्यूमोनियाच्या जंतूंनी फुप्फुसात घुसावे, अशी ती जोडी होती. बहुतेक बळी या दुसऱ्याने घेतले. पेनिसिलीनचा शोध लागायला अजून दहा वर्षे अवकाश होता.

आता पुढचे नीट ऐका. अमेरिकेत त्या साथीत बायकांपेक्षा पुरुष जास्त मेले. नॉयमर आणि गारेन या संशोधकांनी २००० साली त्याचे कारण मांडले: क्षयाने पोखरलेली फुप्फुसे पुरुषांत अधिक होती. आपल्याकडे मात्र उलटे घडले. ऐन तारुण्यातल्या स्त्रिया पुरुषांहून अधिक दगावल्या.

मग बाईचा पिंडच दुबळा म्हणायचा का? मुळीच नाही. रोगाशी झुंजणारी कित्येक जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि ती गुणसूत्रे स्त्रीकडे दोन असतात, पुरुषाकडे एक. पण १९१८ साली पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते. घरात आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारी तीच, आणि दस्तरखानावर सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाणारीही तीच!

जन्माने मिळते ते खोटे, असे मी म्हणत नाही. सिकल सेलचे जनुक आई-वडील दोघांकडून आले तर भारी आजार होतो. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे ते दुःख आहे. एकाकडूनच आले तर मात्र ते गंभीर मलेरियापासून राखते. केनियातील किलिफी येथे अशा मुलांच्या रक्तात इतर जंतूंचा संसर्गही कमी आढळला, कारण त्या जंतूंना दार उघडून देणारा मलेरियाच होता. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: तिथला मलेरिया जसजसा हटला, तसतसा या जनुकाचा तो फायदाही ओसरला. जनुक तेच होते. भोवतालची परिस्थिती पालटली होती.

ती मुलगी येत्या जूनमध्ये आठवीत जाईल. त्याआधी तिला बोलावून मी माझे उत्तर मागे घेणार आहे.