भूल देण्याआधीचा प्रश्न

(नाशिक येथील सहविचार सभेत केलेले भाषण)



आज माझी एक चूक सांगायला उभी आहे.

सुरगाणा तालुक्यातल्या एका मावशींना स्तनाचा कर्करोग झाला. गाठ मोठी, म्हणून आधी मुंबईत केमो आणि मग नाशिकला ऑपरेशन, असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी फोनवर बजावलं, "रेशनकार्ड आणि आधार विसरू नका." महात्मा फुले योजनेचे कागद मला तोंडपाठ आहेत. केमोच्या फाईलचं नाव मात्र मी काढलंच नाही. पावसात भिजू नये म्हणून ती घरी कणगीमागे ठेवलेली होती, तिथंच राहिली.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोणतं औषध दिलं होतं? किती वेळा?" मावशींचे मालक गप्प. वाटेत ते मला म्हणाले होते, "ताई, केमोचं जास्त सांगू नका, नाहीतर ऑपरेशन करायचे नाहीत." आणि मी मान डोलावली होती. माझा डिप्लोमा थिऑलॉजीचा, वैद्यकीचा नाही. पण गप्प राहायला ती काही सबब नव्हे.

शेवटी डॉक्टरबाई मावशींकडेच वळल्या. "सलाईनमधलं औषध लाल होतं का? नंतर लघवी लाल व्हायची?"

"हो, मी तर घाबरले होते, रगत जातंय म्हणून."

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे हृदयाची टूडी इको लिहून दिली. त्या लाल औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन. कर्करोगावर ते चांगलं काम करतं, पण हृदयाचे स्नायू अशक्त करू शकतं. जितकं जास्त औषध पोटात गेलेलं, म्हणजे शिरेतून गेलेलं, तितका धोका जास्त. आणि त्रास कधी कधी काही वर्षांनीही दिसतो. आता भुलीचं पाहा. मास्कमधून किंवा नळीतून जे वायू हुंगायला देतात, उदाहरणार्थ सेव्होफ्लुरेन, ते सर्वांचाच रक्तदाब खाली आणतात आणि हृदयाचा जोर थोडा कमी करतात. धडधाकट हृदय ते सोसतं. आधीच थकलेल्या हृदयाला तीच मात्रा भारी पडते. डॉक्टरांना ठाऊक असलं की ते मात्रा बेताने देतात, रक्तदाबावर जास्त बारीक नजर ठेवतात.

ब्लिओमायसिन नावाचं औषध फुप्फुसांना इजा करतं. ते घेतलेल्या रुग्णाला भुलीच्या वेळी गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर तोच बाधू शकतो. ऑक्सिजन बाधतो, हे ऐकून मीही चकित झाले! शिवाय केमोनंतर रक्तातल्या पेशी घटतात, त्या भरून यायला साधारण तीन-चार आठवडे थांबतात.

भुलीच्या वायूचा आणि हृदयाचा वाद आपल्याकडे जुना आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्मची चौकशी झाली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाला थेट धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे कळलं की क्लोरोफॉर्मने हृदयही अचानक बंद पडू शकतं. म्हणजे मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे शिकायला वेळ लागला.

मावशींच्या हृदयाचा जोर कमी निघाला. ऑपरेशन पुढे गेलं. मालक माझ्यावर चिडले, आणि मला उत्तर नव्हतं. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या, गावातला मुलगा मोटारसायकलवर फाईल घेऊन आला, आणि काही आठवड्यांनी तेच ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. भूल हुंगायचीच दिली, मात्र बेताने.

आता आम्ही प्रत्येक रुग्णाला झिपची प्लास्टिक पिशवी देतो. आत एकच कागद: औषधाचं नाव, किती वेळा, शेवटची तारीख, इको कधी झाली. लिहिता येत नसेल तर केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरांकडून लिहून घेतो. महिला मंडळाने पिशव्यांचा खर्च उचलला, त्यांचे आभार. पेठ आणि त्र्यंबकच्या पाड्यांसाठी अजून पिशव्या लागतील. मावशींची पिशवी आता कणगीमागे नसते, दारामागच्या खुंटीला टांगलेली असते.