फुगडी, सायकल आणि वाटीभर वरण

मी भिलाईची. जन्म इथलाच, शाळा इथलीच, लग्नही इथंच झालं. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे कारखाना वाढत गेला आणि देशभरातून माणसं येत गेली. माझे बाबाही तसेच भंडाऱ्याकडून आले.

बाबा क्वार्टरपासून कारखान्यापर्यंत सायकलनं जायचे. पाळी सकाळची असो, दुपारची असो की रात्रीची. निवृत्त होईपर्यंत त्यांचं पोट सुटलं नाही. पण ‘व्यायाम’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यांच्यासाठी ती ड्यूटीवर जायची वाट होती, बस्स.

माझ्या हाती मात्र स्कूटी आली. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलाही स्कूटीच! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वजन 74 किलो झालं आणि रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर येऊन थांबली. माझ्या आईला मधुमेहामुळे पायाचं बोट गमवावं लागलं होतं. तिचं ड्रेसिंग मीच करायचे. त्यामुळे रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आईचा पाय दिसला.

घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. जिमची वर्षभराची फी एकदम भरली! यंत्रावर चालायचे आणि सारखी घड्याळाकडे बघायचे. किती झाली? चार मिनिटं. आता किती? साडेचार. दोन महिन्यांत सुटलं. मग पहाटे एकटीनं मैदानाला फेऱ्या सुरू केल्या. डिसेंबरच्या थंडीत त्याही सुटल्या. आपण आळशीच, असं मी ठरवून टाकलं.

मग श्रावण आला. जाऊबाई म्हणाल्या, “मंगळागौरीला चला. नुसतं बसून राहा हवं तर.” बसून कोण राहू देतंय? झिम्मा झाला, पिंगा झाला, फुगडी झाली. दहा मिनिटांत मला धाप लागली. थांबले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. घरी आल्यावर लक्षात आलं, पाऊण तास झाला होता आणि मी घड्याळ एकदाही बघितलं नव्हतं.

तिथून माझं गणित बदललं. हे फक्त श्रावणातच का? आम्ही सहाजणी जमलो. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी एकीच्या अंगणात खेळायचं. इतर दिवशी सायकल. आमच्या सेक्टरांतले रस्ते रुंद, झाडांच्या सावलीचे. जुनी सायकल घेतली, भाजीला तीच, बँकेला तीच. एक सांगते, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसफुगडीच्या वाटेला जाऊ नका. चक्कर येत असेल किंवा रक्तदाब जास्त असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्यातली एकजण नुसता झिम्मा खेळते, तोही पुरतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम हवा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा हवा. मध्यम म्हणजे किती? बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. फुगडीत गाणं म्हणता म्हणता जिथं श्वास तुटतो ना, तेच माप!

आता कडू भाग. 70 किलोच्या माणसानं अर्धा तास झपझप चाललं, तर साधारण 120 ते 150 कॅलरी खर्च होतात. एका मोठ्या चमचाभर तेलातच सुमारे 120 असतात. म्हणजे चालून येऊन एक समोसा खाल्ला, की हिशेब उलटा. वजन उतरतं ते मुख्यतः ताटामुळे. मग व्यायाम कशाला? साखर ताब्यात राहते, स्नायू टिकतात, झोप लागते आणि उतरलेलं वजन परत चढू नये म्हणून त्याची मदत होते. हे सगळं वर्षानुवर्षं चालायला हवं. न आवडणारी गोष्ट इतकी वर्षं कोण करेल?

आमचं घर शाकाहारी. मला वाटायचं, शाकाहारी म्हणजे आपोआप हलकं. पण माझ्या ताटात काय होतं? सकाळी पोहे, दुपारी भाताचा डोंगर, चहाबरोबर शेव-चिवडा, उपवासाला साबुदाणा. सगळं शाकाहारी आणि जवळपास सगळं पिष्ट नाहीतर तेल. भारतीय शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 65 किलोला 54 ग्रॅम. वाटीभर वरणातून सात-आठ मिळतात. म्हणून आता भात निम्मा आणि वरण घट्ट. रोज मोडाची उसळ किंवा सोयाबीन, दही आणि इथल्या बाजारातली लाल भाजी, मुनगा भाजी. तेल मोजून. बी-12 तपासून घ्या, शाकाहारात ते दूधदुभत्याशिवाय फारसं मिळत नाही.

शाकाहार आणि घाम यांचं वैर नाही, हे छत्तीसगडला कुणी शिकवायला नको. गुरू घासीदासांनी मांस आणि मद्य सोडायला सांगितलं. 18 डिसेंबरला त्यांच्या जयंतीला जैतखांबाभोवती पंथी नाच बघा. मांदराची लय वाढत जाते, पावलं वाढत जातात, माणसांचे मनोरे उभे राहतात. बघणाऱ्यालाच दम लागतो!

माझं काय झालं? चौदा महिन्यांत सात किलो उतरले. मधे तीन महिने काटा हललाच नाही, तेव्हाही खेळ सुरू राहिला, कारण मी काट्यासाठी जात नव्हते, मैत्रिणींसाठी जात होते. साखर उंबरठ्यावरून मागे गेली आहे. ती तिथंच राहील याची खात्री कुणी देत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासते.

तुम्हाला फुगडी आवडायलाच हवी असं नाही. पोहणं असेल, बॅडमिंटन असेल, लेझीम असेल. आज घरी गेल्यावर एवढंच आठवा, लहानपणी कोणता खेळ खेळताना आई हाका मारून थकायची? तिथून सुरुवात करा. आणि मंगळवारी भिलाईत असाल, तर आमच्या अंगणात या.