दोंडाईच्याची जाळी



नागपूरच्या महालात आपण जिथं जमलो आहोत तिथून जवळच, जुम्मा तलावाकाठी, १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. कापडावर जगलेल्या या भागात शस्त्रक्रियेच्या नव्या साधनांविषयी बोलताना मला एक कापडच आठवतं.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर खेड्यापाड्यांतल्या रुग्णांच्या शस्त्रक्रिया करत. जाळी लावून हर्निया दुरुस्त करण्याची पद्धत तोवर जगभर रुळली होती. पण तयार जाळीची किंमत गरीब रुग्णाला झेपणारी नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं. त्याचा धागा पॉलिप्रॉपिलीन-पॉलिएथिलीनचा, शस्त्रक्रियेच्या जाळीच्याच कुळातला. हे सुचलं यात कल्पकता आहेच. त्यांचा मोठेपणा मला मात्र पुढच्या कामात दिसतो. स्वतःच्या अनुभवावर न थांबता त्यांनी इतर ठिकाणच्या सर्जनना सोबत घेतलं आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त साडेतीनशेहून अधिक हर्नियांची नोंद मांडली. शीर्षकातच त्या चाचणीला ‘प्राथमिक’ म्हटलं होतं.

मग प्रश्न आले, आणि ते यायलाच हवे होते. असं कापड ऑटोक्लेव्हमध्ये टिकतं का? १२१ अंशांना टिकतं, हे पुढं तपासलं गेलं. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं युगांडातली चाचणी छापली : सुमारे ३०० पुरुष, निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना बाजारातली. वर्षभरानं दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक नव्हता. पहिल्या निबंधापासून इथवर यायला तेरा वर्षं लागली.

आज आपल्याकडे २०१८ पासून लागू झालेले वैद्यकीय उपकरण नियम आहेत. नव्या इम्प्लांटला चाचणीची परवानगी लागते, नैतिकता समितीची संमती लागते. काहींना हा जाच वाटतो. मला वाटत नाही. पोटात कायमची राहणारी वस्तू रुग्णाला दुकानात परत करता येत नाही. जाच आहे तो एकट्या पडलेल्या तालुक्याच्या सर्जनला : नमुना कुठं बनवायचा, चाचणीचा आराखडा कोण लिहून देणार? आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरण केंद्राशी आपली व्हीएनआयटी जोडलेली आहे. मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं याच शहरात आहेत. गडचिरोलीच्या डॉक्टरला इथं येऊन अभियंत्यासमोर बसता यावं, यासाठीच या परिषदेत आम्ही दोघांना एकाच सभागृहात बोलावलं आहे.

दुपारी नमुने मांडणाऱ्यांना एक विनंती. साधन कसं चालतं हे दाखवालच. ते किती रुग्णांवर वापरलं, किती जण तपासणीला परत आले आणि कुणाला त्रास झाला, हेही त्याच पाटीवर लिहा.