हवे ते नेमके लिहिण्याची शिस्त



कंटेनर ऑर्केस्ट्रेशनविषयी आज एकच मुद्दा मांडतो. या तंत्राने आपले काम हलके झाले असे सगळे म्हणतात. माझ्या मते त्याने आपली जबाबदारी वाढवली आहे, आणि ती वाढली हे चांगलेच झाले.

आधी जहाजावरच्या कंटेनरची गोष्ट. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पेटीत काय भरले आहे याच्याशी क्रेनला देणेघेणे उरले नाही, ही त्या प्रवासाची किमया. सॉफ्टवेअरमध्ये हेच काम २०१३ साली डॉकरने सोपे केले. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकाच इमेजमध्ये बांधल्या, की कोणत्याही सर्व्हरवर तो सारखाच चालावा. पण अशा पेट्या शेकड्यांनी वाढल्यावर कोणती कुठे ठेवायची आणि बंद पडली तर पुन्हा कोणी सुरू करायची, हा प्रश्न आला. गूगलने 'बोर्ग' या आपल्या अंतर्गत व्यवस्थेच्या अनुभवावरून २०१४ मध्ये कुबरनेटिस सर्वांसाठी खुले केले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यात त्याला तांडेल म्हणतील.

या तांडेलाला आपण हुकूम देत नाही. 'तीन प्रती सुरू कर' हा हुकूम एकदा पाळला की संपतो. कुबरनेटिसच्या फाइलीत आपण लिहितो, 'या सेवेच्या तीन प्रती चालू असाव्यात.' हे वाक्य फाइल बदलेपर्यंत लागू राहते. लिहिलेली स्थिती आणि प्रत्यक्षातली स्थिती यांची तुलना अखंड चालते. एखाद्या यंत्राशी संपर्क तुटला, तर ठरावीक मुदत, एरवी सुमारे पाच मिनिटे, वाट पाहून त्यावरच्या प्रतीची जागा भरायला नवी प्रत तयार होते, आणि पुरेशी मेमरी शिल्लक असलेल्या दुसऱ्या यंत्रावर ती बसवली जाते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: आपोआप पुन्हा सुरू होण्याने दोष झाकला जातो. मेमरी गळणारा प्रोग्रॅम मर्यादा ओलांडतो, मारला जातो, परत उठतो; वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे खरे आहे. पण प्रत कितीदा उठली याची नोंद होते, मेमरी संपल्याचे कारण आणि १३७ हा एक्झिट कोड समोर दिसतो. वारंवार कोसळणाऱ्या प्रोग्रॅमला दहा, वीस, चाळीस सेकंद असे वाढते अंतर देऊनच पुन्हा उठवले जाते. व्यवस्था दोष नोंदवते. तो वाचायचे काम आपले, आणि ते आपण टाळतो. याहून मोठा धोका चुकीच्या वाक्याचा. पोर्ट उघडला म्हणजे सेवा तयार, असे आपण रेडीनेस तपासणीत, म्हणजे प्रत ग्राहक घ्यायला तयार आहे का ते पाहणाऱ्या तपासणीत, लिहिले, तर डेटाबेसशी नाते तुटलेल्या प्रतीकडेही ग्राहक पाठवले जातील. आपली ढिलाई तिन्ही प्रतींत इमानाने पाळली जाईल.

दुसरा आक्षेप असा, की लहान सेवेसाठी हा पसारा कशाला? तो मला मान्य आहे. एका सर्व्हरवर नीट चालणाऱ्या दोन-तीन प्रोग्रॅमांसाठी कुबरनेटिसचा क्लस्टर उभारू नये. त्याची प्रमाणपत्रे आणि आवृत्त्या सांभाळणे हेच एक वेगळे काम होऊन बसते. शिस्त मात्र तिथेही हवी. किती मेमरी पुरे, किती प्रती हव्यात, कोणत्या अवस्थेला 'ठीक' म्हणायचे, हे कुबरनेटिस नसले तरी कुठेतरी लिहिलेले असलेच पाहिजे. आज ते बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात असते, आणि तो रजेवर गेला की सेवाही आजारी पडते.

म्हणून एवढीच विनंती करतो. परत गेल्यावर आपल्या सेवेची रेडीनेस तपासणी उघडा, आणि ती ज्या 'ठीक'ची ग्वाही देते ते ग्राहकाचेही 'ठीक' आहे का, हे साध्या मराठीत एका वाक्यात लिहून पाहा. ते वाक्य जमले नाही, तर फाइलही अजून लिहून झालेली नाही असे समजा.