वार्ता वाजवून घ्या



विचार पारखून घेणे हे पंडितांचेच काम, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. तो आम्हांस मान्य नाही. गृहिणी मडके वाजवून घेते. शेतकरी दात पाहिल्यावाचून बैलाचा सौदा करीत नाही. पारख आपल्या अंगी आहेच. ती वस्तूंपुरती राहते, वार्तेस लावली जात नाही, हेच आपले दुर्दैव!

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते, अशी वार्ता देशभर पसरली. मूर्तीला टेकविलेल्या चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे ओढले जाते व तिच्या अंगावरून पातळ धारेने ओघळते. पायाशी नीट पाहणाऱ्या कोणासही हे दिसले असते. त्या दिवशी दूधच वाया गेले. परंतु १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून, भिक्षेवर पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अविचाराची किंमत अशी दुबळ्यांच्या प्राणांनी चुकविली जाते.

हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिले काय? पुरावा कोणता? हे खोटे असेल तर ते कशावरून कळेल? हे तीन प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. शाळेत, कीर्तनात, चावडीवर ते सोप्या मराठीत शिकविले गेले पाहिजेत. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणीही वार्ता पुढे धाडू नये, हात तर मुळीच उगारू नये, एवढेच आमचे मागणे आहे.