एक डोळा झाकून कॅलेंडर वाचा

आज डोळ्यांबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे औषध सांगणार नाही, सवयी सांगतो.

वरवट बकालला सुट्टीत गेलो की मला हमखास एक प्रश्न येतो, "मोबाइलनं डोये जातात का रे?" उत्तर असं, की स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे होतात, थकतात. पण म्हातारपणी नजर जाते ती त्यामुळे नाही. निळ्या प्रकाशाच्या महागड्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, याचाही ठोस पुरावा मिळालेला नाही. तेवढे पैसे वाचवा.

मग नजर जाते कशानं? २०१५ ते २०१९ या काळात देशभर सर्वेक्षण झालं होतं. पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वामागे सगळ्यात मोठं कारण निघालं न काढलेला मोतीबिंदू, जवळपास ६६ टक्के. म्हणजे उपचार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होतो, १९७६ पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि तरी माणसं आंधळी होतायत.

याचं एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. "अजून पिकला नाई, पिकू द्या." हे वाक्य आलं कुठून? पूर्वी डोळ्यातलं अख्खं भिंग काढावं लागायचं, मोठा छेद, टाके, जाड भिंगाचा चष्मा. तेव्हा डॉक्टरच थांबायला सांगायचे. आता बारीक छेदातून अल्ट्रासाऊंडने भिंग फोडून काढतात आणि आत कृत्रिम भिंग बसवतात. जास्त पिकलेलं भिंग कडक होतं, ते फोडणं उलट अवघड जातं. तंत्र बदललं, वाक्य तेच राहिलं. तसंच "उन्हाळ्यात ऑपरेशन नको". आता ऋतूचं बंधन नाही. पण आपल्याकडे आधी पेरणी, मग वेचणी, मग लग्नसराई, मग ऊन, आणि परत पेरणी. दोन वर्षं अशीच जातात.

आमच्या आजीला तांदूळ निवडताना खडे दिसेनात. तपासायला चल म्हटलं तर, "मले दिसते ना बाप्पा, काऊन मांगं लागला?" आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला एका डोळ्यानं बरं दिसत होतं. आमच्या कामात दोन सर्व्हर ठेवतात. एक बंद पडला की दुसरा भार उचलतो आणि वापरणाऱ्याला पत्ताच लागत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर वेगळी नजर ठेवावी लागते. डोळ्यांचं अगदी तसंच आहे. एक डोळा हळूहळू जातो, दुसरा सांभाळून घेतो.

म्हणून पहिली सवय ही. महिन्यातून एकदा भिंतीवरचं कॅलेंडर समोर धरा, चष्मा असेल तर लावूनच. आधी एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका, मग दुसरा. दोन्हींत फरक वाटला तर दाखवा. चौकटीच्या वहीचं पानही असंच बघा. सरळ रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधोमध डाग दिसला तर पडद्याचा त्रास असू शकतो, त्यात आठवडे घालवू नका.

पण काचबिंदू या घरच्या परीक्षेत सापडत नाही. तो बाजूची नजर आधी खातो, बहुतेकदा दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला असेल तर, डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. चाळिशीचा चष्मा घ्यायला जाताच ना, तेव्हाच सांगा.

आपल्या खारपाणपट्ट्यात किडनीची चर्चा पानटपरीवरही चालते. पाण्याचा विषय वेगळा, पण शुगर किडनीतल्या ज्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते, तशाच डोळ्याच्या पडद्यातही असतात. शुगर असलेल्यानं वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासायचा, नजर चांगली असली तरी. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला कोणाला तरी सोबत न्या.

विडी-सिगारेटनं मोतीबिंदू लवकर येतो, आणि पडद्याच्या मधल्या भागाच्या झिजेचा धोका दोन ते चार पट होतो. चुलीच्या धुराचाही मोतीबिंदूशी संबंध दिसलाय. गॅस आहे, पण सिलिंडर पुरवायचा म्हणून पाणी तापवायला चूलच पेटते. ती निदान उघड्यावर तरी मांडा. वैशाखात शेतात जाताना डोक्याला दुपट्टा बांधतोच, त्यावर रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा असला तर उत्तम. गॉगल लावला की लोक हसतात. हसू द्या.

खाण्यात मेथी, पालक, शेवग्याची पानं, अंड्याचा बलक हे सगळं चांगलं. गाजरानं मात्र चष्मा उतरत नाही. आणि डोळ्यांच्या गोळ्या म्हणून जे डबे विकतात, त्यातल्या ठरावीक जीवनसत्त्वांच्या मिश्रणाचा उपयोग पडद्याची झीज आधीच मध्यम टप्प्यात असलेल्यांना होतो, धडधाकट माणसाला नाही.

आता ज्यावर मला खरंच राग येतो ते. डोळा लाल झाला की मेडिकलमधून "लाल डोळ्याचा ड्रॉप" आणायचा आणि वर्षभर तोच टाकत राहायचं. त्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणूनच तो आवडतो. पण फार दिवस टाकला तर दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. घरात असा ड्रॉप असेल तर तो घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा. मध, कांद्याचा रस, हे तर डोळ्यात नकोच.

ऑपरेशन आजीचं शेवटी वेचणीच्या ऐन दिवसांत झालं. मजूर मिळाले नाहीत म्हणून बाबांची चिडचिड झाली, दोन दिवस कापूस तसाच राहिला. पट्टी निघाल्यावर आजी घरभर फिरली आणि आईला म्हणाली, कोपऱ्यात केवढी जाळी झाली हाय. आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

तुमच्या घरी कॅलेंडर वाचून काय निघालं ते कळवा. पुढच्या वेळी भेटू.